मदतनीस येण्याआधी दवाखाना तयार आहे का?

परळ, लालबाग, दादर, गिरगाव या पट्ट्यात संध्याकाळी चालत गेलात तर दर दोन-तीन गल्ल्यांनंतर दातांचा एक दवाखाना लागतो. जुन्या चाळीच्या तळमजल्यावर नाहीतर नव्या टॉवरच्या पोडियमखाली. काचेच्या दारावर कधीकधी एक कागद चिकटवलेला असतो : ‘दवाखान्यात कामासाठी मुलगी पाहिजे. अनुभवाची गरज नाही.’ खाली मोबाईल नंबर. काम कोणते, वेळ किती, पगार किती, शिकवणार कोण, यातले काही त्या कागदावर नसते. ‘अनुभवाची गरज नाही’ हे वाक्य वाचून आपल्या वस्तीतल्या बारावी झालेल्या मुलींना धीर येतो. मला मात्र ते वाक्य वाचले की काळजी वाटते. ज्या कामात रक्त, लाळ आणि सुई रोज हाताखालून जाते, त्या कामाला अनुभव लागत नसेल तर निदान शिकवणी लागते, आणि ती देण्याची तयारी दवाखान्याने आधीच केलेली असावी लागते.

हा लेख दोघांसाठी आहे. एक, या मुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी. दुसरे, आपल्यातल्या डॉक्टरांसाठी. मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून चालू आहे, सेंट जॉर्जेसच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. या दोन्ही ठिकाणी आपली मुले-मुली शिकली, शिकत आहेत. काहींनी कर्ज काढून स्वतःचे दवाखाने टाकले. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे यांचे कोटेशन त्यांनी दहादा तपासले. पहिली मदतनीस ठेवताना मात्र कुणाच्या तरी ओळखीने मुलगी आली, सोमवारपासून ये म्हटले आणि सोमवारी पहिल्याच पेशंटला तिच्या हातात सक्शनची नळी दिली. असेच चालते. मी नर्सिंगचा डिप्लोमा केला तेव्हा वॉर्डात हात घालण्याआधी हात धुवायला शिकवले होते. दातांच्या मदतनिसाला ते कुणी शिकवायचे?

कायदा याबाबत फारसा मदतीला येत नाही. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने डॉक्टरांखेरीज दोघांची नोंदणी सांगितली : दात साफ करणारे डेंटल हायजिनिस्ट आणि कवळी-कॅप बनवणारे डेंटल मेकॅनिक. त्यासाठी रीतसर अभ्यासक्रम आहेत. खुर्चीशेजारी उभी राहून कापूस देणारी, सिमेंट कालवणारी, ट्रे उचलणारी, अवजारे धुणारी, फोन घेणारी, पैसे मोजणारी आणि शेवटी लादी पुसणारी मुलगी या दोघांतही बसत नाही. गल्लीतल्या दवाखान्यात ती बहुतेक वेळा हातानेच शिकते. म्हणजे ती किती सुरक्षित राहील आणि पेशंट किती सुरक्षित राहील हे सर्वस्वी त्या एका दवाखान्याच्या शिस्तीवर ठरते.

शिस्त नसली की काय होते त्याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. २०१३ साली ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात एका दंतवैद्याच्या सुमारे ७ हजार पेशंटना सरकारी यंत्रणेने रक्त तपासून घ्यायला सांगितले. तपासनिसांना तिथे गंजलेली अवजारे सापडली आणि शिरेतून भूल देण्याचे काम परवाना नसलेल्या मदतनीस करत होत्या असे आढळले. पुढे एका पेशंटकडून दुसऱ्याला ‘क’ प्रकारच्या काविळीची लागण झाल्याचे सिद्धही झाले. अमेरिकेसारख्या देशात हे होते, तर आपल्या गल्लीतल्या दीडशे फुटांच्या दवाखान्यात होणार नाही असे मानण्याला काही आधार नाही.

म्हणून डॉक्टरांनी जाहिरात लावण्याआधी एका कागदावर दोन रकाने पाडावेत. ही मुलगी काय करील आणि काय कधीच करणार नाही. दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा. भुलीचे इंजेक्शन ती देणार नाही. स्केलिंगचे मशीन पेशंटच्या तोंडात घालणार नाही, डॉक्टर जेवायला गेले असले तरी नाही. एक्स-रे काढताना पेशंटच्या तोंडातली फिल्म किंवा सेन्सर आपल्या बोटाने धरून उभी राहणार नाही. फोनवर गोळ्यांची नावे सांगणार नाही. हे लिहून ठेवले की मुलीलाही ‘नाही सर, हे माझे काम नाही’ असे म्हणायला कागदाचा आधार मिळतो. तोंडी सांगितलेले गर्दीच्या शनिवारी टिकत नाही.

लस आधी, कामाचा पहिला दिवस नंतर

सगळ्यांत मोठी गोष्ट लसीची. हिपॅटायटिस बी, म्हणजे ‘ब’ प्रकारची कावीळ, रक्तातून पसरते. तिचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस जिवंत राहू शकतो. लस न घेतलेल्या माणसाला बाधित पेशंटची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता शंभरात ६ ते ३० इतकी असते. ‘क’ काविळीत ती शंभरात साधारण २ आणि एचआयव्हीत हजारात साधारण ३. लोक एचआयव्हीला घाबरतात, आणि जो आजार कितीतरी सहज लागतो व ज्याला लस आहे त्याचे नावही त्यांना ठाऊक नसते.

“आमच्या मुलीला लहानपणी सगळ्या लशी दिल्यात ताई,” असे आया मला सांगतात. खरे असते ते. पण बाळांना दिली जाणारी हिपॅटायटिस बीची लस सरकारी कार्यक्रमात देशभर पोचली ती २०११ च्या सुमारास. त्याआधी ती मोजक्या ठिकाणी प्रायोगिक स्वरूपात होती. आज जी मुलगी विशी-बाविशीत आहे आणि दवाखान्यात कामाला निघाली आहे तिला ती मिळाली असेलच असे नाही. कार्ड असेल तर बघा. कार्ड नसेल तर लस घेतली नाही असेच धरून चाला.

तीन डोस असतात : पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्ताची एक तपासणी करून घ्यायची असते. त्यात प्रतिपिंडांचा आकडा १० किंवा त्याहून जास्त आला तर लस लागू पडली. काही थोड्या लोकांत ती पहिल्या फेरीत लागू पडत नाही, म्हणून ही तपासणी टाळू नये. सोबत धनुर्वाताचेही इंजेक्शन.

हे डॉक्टरांचे उपकार नाहीत. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांची लस देणे ही दवाखान्याची जबाबदारी आहे, आणि कामावर घेताना तसेच त्यानंतर दरवर्षी निदान एकदा प्रशिक्षण देणे हीसुद्धा. नियमांना दवाखाना लहान की मोठा याच्याशी देणेघेणे नाही. खाट नसलेल्या दवाखान्यालाही ते लागू आहेत. तिन्ही डोसांचा मिळून खर्च एका रूट कॅनालच्या फीपेक्षा कमी येतो. तरी तो पगारातून कापणारे लोक मला भेटले आहेत, आणि ‘टिकते का बघू, मग लस देऊ’ म्हणणारे तर बरेच. टिकेपर्यंतच्या काळातच तर हात सर्वांत कच्चा असतो. माझे मत असे की मुलगी निवडली त्या दिवशी पहिला डोस द्यावा आणि दुसरा डोस होईपर्यंत तिला धारदार वस्तूंच्या जवळ आणू नये. त्या महिन्यात फोन, नोंदवही, लॅबची ये-जा, सामानाची मोजदाद शिकवायला भरपूर आहे.

एक गोष्ट मात्र डॉक्टर मागू शकत नाहीत. नोकरी देण्यासाठी एचआयव्हीची तपासणी करून आण असे सांगणे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बेकायदा ठरवले आहे. हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उलट त्याच कायद्याने आरोग्यसेवा देणाऱ्या आस्थापनेवर बंधन घातले आहे की कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने, प्रशिक्षण आणि सुई टोचली तर प्रतिबंधक औषध मिळण्याची सोय तिने करायची.

सुई कधी टोचते

डॉक्टर भूल देत असतात तेव्हा सहसा टोचत नाही. तेव्हा सगळ्यांचे लक्ष असते. टोचते ते नंतर, पेशंट उठून गेल्यावर. डॉक्टर पुढच्या पेशंटशी बोलत असतात, ट्रेमध्ये रक्ताळलेल्या कापसाखाली उघडी सुई पडलेली असते आणि मदतनीस घाईघाईने सगळे गोळा करते. लालबागच्या एका मुलीने मला तिची तर्जनी दाखवली होती. सुई नव्हती, रूट कॅनालची बारीक फाईल होती. कापसात अडकलेली. कुणाला सांगितले का विचारले तर म्हणाली, “सर ओरडले असते.” बोटाला चिकटपट्टी लावून तिने उरलेली संध्याकाळ काम केले.

याला उपाय एकच आणि तो फुकट आहे : ज्याने सुई वापरली त्याने ती स्वतःच टाकायची. डॉक्टरांनी खुर्चीवरून उठण्याआधी ट्रेमधली सुई, ब्लेड, फाईल हाताने उचलून पांढऱ्या पंक्चर न होणाऱ्या डब्यात टाकावी. डबा हाताशी हवा, बाथरूमजवळ नव्हे. सुईला टोपण परत घालावे लागलेच तर दुसऱ्या हाताने टोपण धरायचे नाही. टोपण ट्रेवर ठेवायचे आणि एकाच हाताने सुई त्यात सरकवायची. मदतनिसाने कधीच टोपण घालायचे नाही. अवजारे धुताना तपासणीचे पातळ हातमोजे चालत नाहीत, भांडी घासायला मिळतात तसे जाड रबराचे मोजे, डोळ्यांवर चष्मा आणि प्लॅस्टिकचा ॲप्रन लागतो. शक्य असेल तर अल्ट्रासॉनिक क्लीनर घ्यावा. ब्रशने घासण्याचे काम जितके कमी तितके टोचणे कमी.

तरीही टोचलेच तर काय करायचे ते दवाखान्याच्या भिंतीवर, मुलीला वाचता येईल अशा मराठीत, मोठ्या अक्षरात लावलेले असावे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, वर ॲसिड-ब्लीच ओतू नका. डॉक्टरांना लगेच सांगा. पेशंट अजून दवाखान्यात असेल तर त्याची संमती घेऊन रक्त तपासता येते. आणि ताबडतोब सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. परळ-लालबागकरांना केईएम, मुंबई सेंट्रल-गिरगावकरांना नायर किंवा जे.जे. एचआयव्ही टाळण्याची गोळी शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी, ७२ तासांनंतर ती सुरू करून उपयोग नाही, आणि सुरू केली की २८ दिवस पूर्ण करायची. लस झालेली नसेल तर हिपॅटायटिस बीसाठी लस आणि प्रतिपिंडाचे इंजेक्शन, तेही पहिल्या २४ तासांत मिळाले तर उत्तम. टॅक्सीचे पैसे गल्ल्यातून घ्या, असेही त्या कागदावर लिहा. ही ओळ वाचून एक डॉक्टर हसले होते. पण मुली पैशांसाठी थांबतात हे मी पाहिले आहे.

सांगणाऱ्या मुलीवर ओरडायचे नाही हा यातला सर्वांत अवघड भाग. ओरडले की पुढच्या वेळी ती सांगत नाही.

चार संच आणि बारा पेशंट

आता अवजारांकडे येते. प्रत्येक पेशंटसाठी निर्जंतुक केलेली अवजारे हवीत हे सगळेच म्हणतात. पण हिशेब करून बघा. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेच्या दाबाचा मोठा कुकर. १२१ अंशांवर १५ पौंड दाबाला निदान १५ मिनिटे, पाकिटात बांधलेली असतील तर त्याहून जास्त. मशीन तापायला वेळ, सुकायला वेळ, म्हणजे एक फेरी अर्ध्या-पाऊण तासाची. त्याआधी धुणे, पुसणे, पाकिटात भरणे. संध्याकाळी सहा ते साडेनऊ दवाखाना चालतो, बारा पेशंट येतात, आणि आरसा-प्रोब-चिमटा यांचे संच आहेत चार. पाचव्या पेशंटला काय देणार? मदतनीस पाण्याखाली धरते, स्पिरिटच्या बोळ्याने पुसते आणि देते. तिला कुणी हे शिकवलेले नसते. चार संच आणि बारा पेशंट यांनीच ते शिकवलेले असते. मग पुढे कधी तक्रार झाली तर म्हणायचे, “मुलीने नीट साफ केले नाही.”

म्हणून माणूस ठेवण्याआधी संच मोजा. एका पाळीत जितके पेशंट, त्याहून दोन-तीन जास्त. दात घासण्या-कोरण्याचे हँडपीसही त्यात आले. ते प्रत्येक पेशंटनंतर नुसते पुसून चालत नाहीत, ऑटोक्लेव्हमध्येच गेले पाहिजेत, म्हणजे तेही एकापेक्षा जास्त हवेत. नवीन संच घेण्याचे पैसे नसतील तर अपॉइंटमेंट कमी घ्या. तिसरा मार्ग नाही.

नव्या मुलीला शिकवताना काही गैरसमज पहिल्याच आठवड्यात काढून टाकावे लागतात, आणि खरे सांगायचे तर काही डॉक्टरांचेही. निळा दिवा असलेल्या कपाटात, म्हणजे यूव्ही चेंबरमध्ये, ठेवल्याने अवजार निर्जंतुक होत नाही. आधी झालेले तिथे ठेवायचे असते. पाण्यात उकळल्याने सगळे जंतू मरत नाहीत. ग्लुटाराल्डिहाईडच्या द्रावात वीस मिनिटे बुडवले तर बरेचसे मरतात, पूर्ण निर्जंतुक व्हायला दहा तास लागतात. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला याचा अर्थ इतकाच की ते तापले. आतले जंतू मेले की नाही हे बीजाणूंच्या चाचणीने कळते, आणि ती आठवड्यातून एकदा करायची असते. सकाळी पहिला पेशंट बसण्याआधी खुर्चीच्या पाण्याच्या नळ्या दोन मिनिटे वाहू द्यायच्या, कारण रात्रभर साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. आपल्या भागात ठरावीक वेळी येणारे पाणी टाकीत साठवून वापरतात, तेव्हा ती टाकी शेवटची कधी धुतली हेही विचारायला हरकत नाही.

बारीक सवय किती महागात पडते ते तमिळनाडूत दिसले. तिरुपत्तूर जिल्ह्यातल्या वाणियंबाडी गावात दातांच्या एका दवाखान्यात उपचार घेतलेल्यांपैकी आठ जण २०२३ च्या सुमारास मेंदूपर्यंत गेलेल्या जंतुसंसर्गाने दगावले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांसह संशोधकांनी शोध घेतला आणि २०२५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. माती-पाण्यात राहणारा एक जंतू सलाईनच्या बाटलीत गेला होता. बाटली उघडण्यासाठी हिरडी सोडवायचे एक अवजार निर्जंतुक न करता वापरले जाई आणि उघडलेली बाटली तशीच सैल झाकून पुन्हा पुन्हा वापरात येई. सलाईन स्वस्त आहे. एका पेशंटला एक बाटली, उरले तर फेकून द्यायचे. हे वाक्य नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगायला दहा सेकंद लागतात. पण ‘कशाला वाया घालवतेस’ असे दुसऱ्या दिवशी कुणी म्हणायचे नाही, ही अट आहे.

कचरा, आणि तो कोण उचलतो

नियमाने चार रंग ठरवले आहेत. काढलेला दात, रक्ताचा कापूस, गॉज हे पिवळ्या पिशवीत. हातमोजे, सक्शनच्या नळ्या, सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. सुया, ब्लेड, फाईली पांढऱ्या कडक डब्यात. भुलीच्या औषधाच्या काचेच्या बाटल्या निळ्यात. चांदी भरलेला दात मात्र पिवळ्यात जाळायला द्यायचा नाही, त्यात पारा असतो. तो वेगळा ठेवायचा. ४८ तासांपेक्षा जास्त काळ कचरा साठवायचा नाही. मुंबईतला हा कचरा देवनारच्या सामायिक केंद्राकडे जात असे, आणि त्या भट्टीच्या धुराविरुद्ध गोवंडीच्या रहिवाशांना उच्च न्यायालयात जावे लागले. तिथे कोण राहते ते आपल्याला वेगळे सांगायला नको. दादरच्या दवाखान्यात साधा कागद पिवळ्या पिशवीत टाकला तर तोही गोवंडीतच जळत असे.

आणि इथेच मुलाखतीचा विषय येतो. दोन मुली ठेवल्या असतील तर रिसेप्शनला कोण बसते आणि थुंकीचे भांडे कोण धुते? आडनाव विचारून, ‘राहायला कुठे? बीडीडीत का?’ असे विचारून कामाची वाटणी होते हे मी ऐकले आहे, त्या मुलींच्याच तोंडून. विचारणारे नेहमी दुसऱ्या समाजाचेच असतात असेही नाही. आपल्यातले काही डॉक्टर शिकलेल्या दिसणाऱ्या मुलीला पुढे बसवतात आणि वस्तीतल्या मुलीला मागे धुवायला लावतात. नीट पद्धत म्हणजे पाळी. एक आठवडा एक, दुसऱ्या आठवड्यात दुसरी. आणि मुलाखतीत विचारायचे ते एवढेच : वाचता-लिहिता येते का, रक्त पाहून चक्कर येते का, संध्याकाळी किती वाजेपर्यंत थांबता येईल, त्वचेला रबराची ॲलर्जी आहे का. लग्न कधी करणार हा प्रश्न यात बसत नाही.

कागदावर काय असावे

डॉक्टरचा दवाखाना हे दुकान नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली गुजरातमधल्या एका डॉक्टरांच्या खटल्यात म्हटले होते, आणि जुन्या मुंबई दुकाने कायद्याच्या कक्षेतून तेव्हा खाजगी दवाखाना सुटला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नव्या कायद्यात वैद्यकीय व्यावसायिकांच्या आस्थापना स्पष्टपणे आल्या आहेत. पण ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर व्यवसायाची माहिती कळवण्यापलीकडे त्यातले बहुतेक काही लागू होत नाही. गल्लीतल्या दवाखान्यात माणसे दोन किंवा तीन. सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा दहा माणसांपासून पुढे. म्हणजे ज्या मुलीला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, तिच्यापर्यंत येईस्तोवर कायदा संपतो. १९२८ साली बाबासाहेब मुंबईच्या विधिमंडळात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या विधेयकाच्या बाजूने बोलले, तेव्हा याच परळ-लालबागच्या गिरण्यांत त्या बाया राबत होत्या. आता त्याच गल्ल्यांत त्यांच्या पणत्या दवाखान्यात उभ्या आहेत. कायदा सांगत नाही म्हणून डॉक्टरांनी द्यायचे नाही असे कुठे आहे? आपल्यातल्या डॉक्टरांकडून मी तरी जास्त अपेक्षा ठेवते.

नेमणुकीचे एक पानी पत्र पुरते. कामाच्या वेळा, आठवड्याची सुट्टी, पगार व तो कोणत्या तारखेला बँकेत जमा होणार, जास्त थांबवले तर त्याचे काय, किती रजा भरपगारी, लस व तपासणीचा खर्च दवाखान्याचा, काम सोडायचे किंवा काढायचे तर किती दिवस आधी सांगायचे. पगार सरकारने जाहीर केलेल्या किमान वेतनाखाली नसावा; महागाईप्रमाणे ते दर सहा महिन्यांनी बदलतात, म्हणून जानेवारीत आणि जुलैत आकडा तपासावा. ‘घरच्यासारखी आहेस’ हे पत्रात लिहिता येत नाही, त्यामुळे पत्र केले की ते बोलणे आपोआप थांबते.

जागेबद्दलही बोलायला हवे. गिरगावातल्या कित्येक दवाखान्यांना स्वतःचा संडास नाही. चाळीच्या सामायिक संडासाची किल्ली मागून घ्यावी लागते. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग लघवीच्या जळजळीने माझ्याकडे येतात. किल्ली मुलीकडेच द्या. कपडे बदलायला कडी असलेली जागा हवी, पडदा पुरत नाही. परळच्या केईएममध्ये २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी अरुणा शानबाग नावाची परिचारिका ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली आणि तिच्यावर तिथल्याच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्यानंतर ४२ वर्षे ती त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिली, २०१५ च्या मे महिन्यात गेली. आम्ही नर्सेस ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींना सांगतो. एवढ्या मोठ्या रुग्णालयात कपडे बदलायला सुरक्षित जागा नव्हती.

लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथेच असते. दोन माणसांच्या दवाखान्यात तक्रार डॉक्टरांविरुद्धच असली तर कुठे जायचे? त्यासाठी २०१३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती ठेवली आहे. मुंबई शहर जिल्ह्याची आहे, तक्रार तिथे लेखी देता येते, साधारण तीन महिन्यांच्या आत. घटनेची तारीख, वेळ, काय बोलले ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. रात्री साडेनऊनंतर मुलीला थांबवायचे असेल तर तिची संमती आणि घरी पोचण्याची सोय, दोन्ही हवे. शेवटचा पेशंट उशिरा आला ही तिची जबाबदारी नव्हे.

मुलींनो, कामाला जाण्याआधी हे विचारायला लाजू नका : लस कधी देणार, सुया कुठे टाकता, जाड मोजे आहेत का, मला किती दिवस शिकवणार, पत्र देणार का. ज्या दवाखान्यात या प्रश्नांचा राग येतो तिथे पुढे काय होईल याचा अंदाज मुलाखतीतच येतो. आणि लसीचे कार्ड, प्रतिपिंडाचा अहवाल, प्रशिक्षणाच्या नोंदीची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा, घरी, रेशनकार्डाच्या पिशवीत. मूळ कार्ड दवाखान्याने ठेवून घेतले आणि नोकरी सोडताना दिले नाही, असे झालेल्या दोन मुलींना मी पुन्हा पहिल्या डोसापासून सुरुवात करायला लावणार होते. मग रक्त तपासले. एकीचा आकडा चांगला आला. दुसरीचा १० च्या खाली होता. तिच्या नव्या डॉक्टरांनी कामाच्या पहिल्या दिवसाआधी तिला डोस दिला, आणि या वेळी कार्ड तिच्या हातात दिले.